खालची काळी दोन

म्हातारपाखाडीत, क्रुसाच्या मागच्या बोळात,
मिस एर्मेलिंडा कोरिया यांचा पियानो.
वर्षातून एकदा जातो, ईस्टरच्या आधी.
झाकण उचललं की डांबरगोळ्यांचा वास
आणि उंदराने चाखून पाहिलेलं फेल्ट.
माझगावच्या हवेत तारा गंजत नाहीत, आंबतात.

यंदा त्या म्हणाल्या, घोसाळकर, आधी बसा.
आजोबांचं वाजवते. मग हात लावा.

पिवळा कागद, कडेला वाळवीने कातरलेला.
वर शाईत : चिंचबंदर रॅग, १९१३.
खाली, दोनदा रेघ ओढून : घाई करू नये.

आजोबा दिवसा गोदीत गोण्या मोजायचे.
रात्री ग्रँट रोडला, मुक्या चित्रांच्या पडद्याखाली,
पळणाऱ्या चोराला आणि रडणाऱ्या बाईला
एकाच स्टुलावरून साथ.
वाजवायची ही तऱ्हा त्यांना दिली
कोळशाच्या बोटीवरच्या एका काळ्या स्वयंपाक्याने,
मिसुरीकडचा होता,
त्याचा बाप जन्मला तेव्हा कुणाच्या तरी मालकीचा.
तो म्हणाला होता म्हणे :
मालकाच्या बँडची कवायत डाव्या हाताला द्या,
चालू दे सरळ, तिला तेवढंच येतं.
उजवा आपला.

मी विचारलं, राग कुठला?
त्या हसल्या. राग नाही हो, रॅग.
चिंधी. फाडलेला ताल.

आणि लागल्या वाजवायला.
डावा : खाली एक, वर मूठभर, खाली एक, वर मूठभर,
फळीवरून चाललेला हमाल.
उजवा मात्रेच्या अर्धं पाऊल आधीच येतो,
किंवा दाराआड थांबतो, टाळी पडू देतो,
मग विचारतो, मला बोलावलंत?
आमचे वडील याला अनागत म्हणायचे.
लालबागच्या भजनात डग्गा-तबला, चाळीस वर्षं.
सम कुठे आहे ते ठाऊक असलं की
तिथे जायलाच हवं असं नाही, म्हणायचे,
आणि घरीही तसेच यायचे, उशिरा.

सोळा-सोळा मापांचे चार तुकडे.
पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पहिला पुन्हा डोकावून जातो.
तिसऱ्यात षड्ज मध्यमावर सरकला
आणि खोलीत कुणी तरी खुर्ची ओढून बसल्यासारखं झालं.

पण माझे कान दुसरीकडे.
खालची काळी दोन.
हातोडी उठत होती, तारेपर्यंत पोचत नव्हती.
षड्ज, मूठ, काही नाही, मूठ.
षड्ज, मूठ, काही नाही, मूठ.
हमालाचं दुसरं पाऊल दर खेपेला हवेत.
वडील असते तर मान हलवून म्हणाले असते, वा, खाली!
डग्गा उचलला की ठेका श्वास घेतो.

पण मी पैसे दुरुस्तीचे घेतो.
पाऊण तास लागला. पिन घासली, फेल्ट बदललं,
तार ओढून पंचम असा लावला
की खिडकीची काच बोलली.

मिस कोरिया परत बसल्या. चौथ्या मापात अडखळल्या.
पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.
हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.
मग म्हणाल्या, बाबांच्या वेळेपासून बंद होती ती.
मी शिकले ती तशीच शिकले.
आता मध्येच कोण बोलतं?

मी काही म्हटलं नाही. तळाची पट्टी काढली,
जुनं फेल्ट खिशात होतं,
त्याची एक चिंधी कापली
आणि त्या तारेखाली खोचून दिली.

त्यांनी वाजवलं, शेवटपर्यंत, घाई न करता.
पावतीवर लिहिलं : अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वजा एक.
वजा एकचे किती, हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना.
त्यांनी बटाटवड्याची बशी पुढे केली.
मी दोन खाल्ले.